बोली

डॉक्टरीण म्हणाली, एका मिनिटात सांगा
एस अक्षरापासून सुरू होणारे शब्द, सुचतील तेवढे.
फार्कर म्हणाला, शीप.
मग खिडकीकडे पाहिलं.
मग म्हणाला, शीप.
काटा फिरत राहिला
आणि मी ओठ मिटून मनातल्या मनात ओरडत होते :
सॉल्ट, स्टोव्ह, स्नो, सिस्टर,
अरे, सॅटरडे!
आपलं लग्न शनिवारी झालं होतं.

हा तो माणूस, ज्याने एकतीस वर्षं
डिंगवॉलच्या बाजारात मेंढ्यांचा लिलाव पुकारला.
आकडे गारांसारखे पडायचे तोंडातून, ताडताड,
श्वास कधी घेतो ते कळायचं नाही.
आणि दोनशे माणसांच्या गर्दीत
कुणी टोपीची कड चिमटीत धरली,
कुणाची भुवई केसभर हलली,
त्याच्या नजरेतून एकही बोली सुटली नाही.

हात गेले तेव्हा शेजारणी म्हणाल्या,
या दुखण्यात निदान डोकं तरी शाबूत राहतं.
ते वाक्य मी गरम पाण्याच्या पिशवीसारखं
पांघरुणात घेऊन निजले, अख्खा हिवाळा.
पहाटे ते गार झालेलं असायचं.

आधी साखर.
चहात कधी न घेणारा, आता सहा चमचे.
चमचा माझ्या हातात, मोजायचा तो.
मग कॅलमचं दफन : सख्खा भाऊ,
पेटी खाली जाताना एक पट्टा निसटला
आणि सगळ्या काळ्या कोटांमध्ये
फार्कर खुदकन हसला.
मग मी बर्फावर पडले.
मनगटाला प्लास्टर घालून, टॅक्सीने, अंधारात घरी आले.
त्याने प्लास्टरकडे पाहिलं.
म्हणाला, माझा चहा?

विसरतो म्हणावं, तर चौऱ्याण्णव सालच्या एका एडक्याचा भाव
त्याला पौंडापर्यंत पाठ.
तो विसरला ते वेगळंच :
की मला दुखू शकतं.

नर्स रोनाने आपल्या कपाळावर बोट ठेवून दाखवलं,
दुखणं इथवर चढलंय. तेच दुखणं. दुसरं काही नाही.
तो मुद्दाम करत नाही, इश्बेल.
माहीत आहे मला.
माहीत असण्याने मनगटाची कळ थांबत नाही.
एका रात्री त्याला झोळीत अर्धवट उचलून
मी तशीच बाहेर गेले, गोठ्यात,
दहा मिनिटं उभी राहिले कुत्र्याच्या मानेत बोटं खुपसून.
हे रोनाला सांगितलेलं नाही.

आता बोलणंही संपलं.
अक्षरांच्या पाटीवर तिसऱ्या अक्षरापाशी धागा तुटतो,
तो पाटीकडे असं पाहतो
जसं परक्या गावचं कुणी दारात उभं आहे.
उरलंय उजव्या हाताचं एक बोट.
म्हणून संध्याकाळी मी त्याच्यासमोर उभी राहते
आणि लिलाव पुकारते.

खिडकी उघडू? एकवार. दोनवार. नको.
रेडिओ? एकवार.
साखर? (इथे बोट ताबडतोब.)
आणि कधीतरी, दिवे लावायच्या आधी :
मी?
मी बसू इथे, तुझ्याजवळ?
एकवार.
दोनवार.

बोट उडतं.

त्याचे स्नायू झोपेतही उडतात,
पापणीखाली, दंडात, मांडीत, पाण्यावर मासे यावेत तसे.
रोना म्हणते, त्यात अर्थ शोधू नये.
पण त्याच्या शेजारच्या टेबलावर बसून
एकतीस वर्षं पावत्या मी लिहिल्यात.
शंका आली की तो हातोडा खाली आणत नसे.
थांबायचा. साऱ्या बाजाराला थांबवायचा,
आणि त्या माणसाला नावाने हाक मारून विचारायचा :
बोली तुमचीच ना?

फार्कर, म्हणते मी.
बोली तुझीच ना?

दोनवार.

बाहेर अंधार पडतो, चहा निवतो,
कुत्रा उठून जागा बदलतो.

अजून दोनवारच.